तीन सह्या आणि एक मंगळवार

सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी तळघरात जर्सी वाळत घातल्या. नंबर चार ते नंबर पंधरा, एकूण बारा. आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं आणि धुण्याची खोली एकच, म्हणून वार वाटून दिलेले आहेत. आमचा सोमवार. सुशीला स्टुलावर बसून एकेक जर्सी झटकून माझ्या हातात देत होती आणि मी नंबराप्रमाणे दोरीवर चिमटे लावत होतो. आधी ती लावायची आणि मी द्यायचो. हे उलटं कधी झालं, ते मला सांगता येणार नाही.

"अहो, नऊ नंबरची बगल उसवलीय."

"शीव संध्याकाळी."

आठ नंबर तिनं दोनदा झटकली. ती जानेवारीपासून कुणाच्या अंगावर चढली नव्हती.

"न घातलेली कशाला धुतेस दर आठवड्याला?"

"पिशवीत बाकीच्या अकरांच्या घामात पडलेली असते ती. तुम्हाला वास येत नाही?"

मला वास येतो. जन्मभर तेच केलं. पण आठ नंबर कुणाची होती आणि ती का गेली, हा विषय आमच्या घरात बंद होता. जिना चढताना सुशीला मध्ये दोनदा थांबली. मी बादली घेऊन पुढे गेलो. पिठलं-भात केला होता, ती अर्धा जेवली, दोन वाजता पडली. चार वाजता मी दोन कप चहा केला आणि हाक मारली. पुढचं त्या खोलीतलं लिहीत नाही.

आमच्या इथल्या, जर्मनीतल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम केतकी बघते. पुण्याची पोरगी, बॉबलिंगेनला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, "काका, तुमच्या त्या तीन क्लबांच्या ट्रेडवर लिहा ना. आमच्याकडे अमेरिकेच्या मॅचेस बघणारे सगळे तुम्हाला जनरल मॅनेजर म्हणतात." मी म्हटलं, लिहितो, पण गोड लिहिणार नाही. ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी तसंच हवंय." आता बघू. शुद्धलेखन तिनं सुधारावं, वाक्यं बदलू नयेत.

पहिल्यांदा एक सांगून टाकतो. तो व्यवहार चांगला होता. टीम चॅम्पियन झाली, मेडल ड्रॉवरमध्ये आहे. पण तो मी बायकोला न विचारता केला. तिच्याकडून काय काढून घेतोय, ते मला माहीत नव्हतं. तेच लिहायला बसलोय.

माझं शिक्षण सातवी. नगरला एका शाळेच्या मैदानावर फक्की मारायचो. सुशीला मिशनच्या दवाखान्यात नर्स. तिला इकडून बोलावणं आलं, ती आधी आली, मी दोन वर्षांनी मागून. बायकोच्या कागदावर आलेला नवरा. गावात त्यावर काय काय बोलले ते मला माहीत आहे, बोलणारे आता बरेचसे मेले. इथं एका शाळेच्या क्रीडागृहात मला हाउसमाइस्टरचं काम मिळालं. म्हणजे किल्ल्या, दिवे, फरशी, तुंबलेले नळ, सगळं एका माणसाच्या गळ्यात. संध्याकाळी तिथं बास्केटबॉलचा क्लब खेळायचा. त्यांच्या जर्सी धुवायला कुणी नव्हतं, त्या माझ्याकडे आल्या. सुशीला पेन्शनीत निघाल्यावर मॅचच्या टेबलावर बसायला लागली. गुणांचा कागद हातानं भरायचा असतो, नर्सच्या अक्षरात तो छापल्यासारखा दिसायचा. पोरींचे घोटेही तीच बांधायची. आम्हाला मूल नाही.

आता ट्रेड म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत खेळाडू क्लबच्या करारात असतो. हा घ्या, तो द्या, जनरल मॅनेजरचे चार टेलिफोन आणि माणूस दुसऱ्या गावात. आमच्या दर्जाच्या लीगमध्ये असलं काही नसतं. इथं खेळणाऱ्या बाया नर्स आहेत, मास्तरणी आहेत, कारखान्यात आहेत. त्यांच्यावर कुणाची मालकी नाही. पण मोसमाच्या मध्येच क्लब बदलायचा तर जुन्या क्लबानं सोडपत्र सही करून द्यावं लागतं, तेही जानेवारी संपायच्या आत. जुना क्लब सही का देईल? बदल्यात काही मिळालं तर. आणि बाई का हलेल? तिचं आयुष्य सोपं झालं तर. म्हणून इथं ट्रेड करायचा तर खेळ कमी कळला तरी चालतं, माणसांचे दिवस कसे जातात ते कळावं लागतं.

ते मला कळायचं. माझी जागा हॉलच्या मागच्या दाराशी. चेंडूंच्या पिशव्या, पाण्याचे क्रेट गाड्यांत चढवायचे-उतरवायचे, त्यामुळे प्रत्येकाची गाडी मला आतून माहीत. कोच हात बघतो, उडी बघतो. मी मागची सीट बघायचो. एका मोसमात पुरुषांच्या टीममधल्या एका उंच माणसाच्या गाडीतली लेकराची सीट गेली आणि तिच्या जागी इस्त्रीचं टेबल आणि दोन सुटकेस आल्या. मी कोचला, म्हणजे योखेनला म्हटलं, याला महिनाभर बसव, याचा नेम चुकणार. योखेन हसला. तीन मॅच हरल्यावर त्याला कळलं की बायकोनं त्याला घराबाहेर काढलंय.

पहिली अदलाबदलही मीच सुचवली होती. शेजारच्या गावाला एक राखीव खेळाडू हवी होती. आमचं धुण्याचं मशीन मेलेलं होतं आणि त्यांचं जुनं तळघरात पडून होतं. बाई तिकडे गेली, मशीन इकडे आलं. अजून भेटली की विचारते, "काय साळवे, मी फिरतेय का नीट?" मी म्हणतो, फिरतेस, पण आवाज करतेस.

माझा एक पक्का नियम होता. योखेनला ट्युबिंगेनची एक विद्यार्थिनी हवी होती, हात सोन्याचा. मी म्हटलं, आगगाडी, मग एस-बानची लोकल, मग बस. म्हणजे दोनदा गाडी बदलायची. दोनदा गाडी बदलणारं माणूस महिन्याच्या वर टिकत नाही. पहिल्या आठवड्यात हौस असते, दुसऱ्यात पाऊस येतो, तिसऱ्यात एक गाडी चुकते आणि चौथ्यात निरोप येतो. योखेन म्हणाला, "ही तरुण आहे रे." तिसऱ्या आठवड्यानंतर ती आली नाही. त्या दिवसापासून योखेन माझं ऐकायला लागला.

मागच्या मोसमात आमच्या बायांची टीम नाताळापर्यंत चौथी होती. बाकी सगळं होतं, पण खेळ चालवणारी, चेंडू पुढे नेऊन दुसरीच्या हातात देणारी कमी पडत होती. ते काम आठ नंबर करायची, आन्या. आन्या कॅप्टन, छत्तीस वर्षांची, गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालेलं. पहिल्या अर्ध्यात ती अजून राणी होती, दुसऱ्या अर्ध्यात पाय ओढायची. मी जाहीर केलं होतं की हा माझा शेवटचा मोसम, पुढच्या वर्षी किल्ल्या आणि जर्सी दुसऱ्याला द्या. मनात होतं की एकदा पहिलं यावं. एकदाच.

मग मी कागद घेतला आणि तीन क्लब मांडले. त्सुफेनहाउझेनकडच्या एका क्लबात डेनिज नावाची बाई होती, आमच्या लीगमधली सगळ्यात हुशार पासर. ती राहायची आमच्या हॉलच्या मागच्या गल्लीत. तिचं पोर ज्या कीटात, म्हणजे बालवाडीत, जायचं ती आमच्या दारासमोर. रोज संध्याकाळी सरावाला उलट्या दिशेला गाडी हाकत जायची. ती खुशीनं आली असती, पण तिचा क्लब सही देत नव्हता, त्यांना बदल्यात उंच बाई हवी होती. उंच बाई होती कोलोनला. मारिके. तिला त्सुफेनहाउझेनच्या पलीकडे एका संस्थेत डॉक्टरेटची जागा मिळाली होती, खोलीही तिकडेच. पण कोलोनचा क्लब तिला मोसमाच्या मध्ये सोडेना, कारण त्यांच्याकडे कोच नव्हता. त्यांना हवी होती खेळता खेळता शिकवणारी, कोचचं सर्टिफिकेट असलेली बाई.

ते सर्टिफिकेट आन्याकडे होतं. आणि आन्याचा माणूस कोलोनला टेलिव्हिजनच्या स्टुडिओत कामाला होता. दोन वर्षं ती शनिवार-रविवार रुळांवर काढत होती.

म्हणजे आन्या कोलोनला, मारिके त्सुफेनहाउझेनला, डेनिज आमच्याकडे. तीन क्लब, तीन सह्या, तिघींचेही दिवस सोपे होणार. आणि त्सुफेनहाउझेनला उंच बाई मिळाली तरी तिच्या हातात चेंडू देणारी आम्ही काढून घेतलेली. योखेननं कागद दोनदा बघितला. मग म्हणाला, "साळवे, तू माझा हाउसमाइस्टर आहेस याची मला भीती वाटते."

आन्याला मी मागच्या दाराशी गाठलं. ती चेंडू पुसत होती. मी कागद दाखवला. मला वाटलं होतं ती गळ्यातच पडेल.

ती म्हणाली, "ताईला विचारलंस?"

मंडळातले लोक सुशीलाला ताई म्हणतात, ते ऐकून आन्याही ताई म्हणायची.

"तिचा काय संबंध?"

"विचार."

"ती काय खेळणारेय?"

"साळवे, तू सगळ्यांचं बघतोस. घरी जाऊन विचार तिला."

मी विचारलं नाही. सांगितलं. विचारणं आणि सांगणं यात किती अंतर आहे ते आता कळतं. सुशीला कोथिंबीर निवडत होती. मी सगळा व्यवहार समजावला, कोण कुठे, कुणाची सही. तिनं ऐकून घेतलं.

"आन्या जाणार म्हणजे."

"तिचंच भलं आहे. माणूस तिकडे आहे तिचा."

"हो." तिनं देठं बाजूला केली. "बरं केलंत. किती दिवस अशी ये-जा करणार ती."

"तुझं पोहणं बंद पडेल एवढंच."

"मी जाईन की बसनं."

दर मंगळवारी सकाळी आन्या तिला पोहायला घेऊन जायची. निदान मला तसं माहीत होतं. मंगळवारी सकाळी हॉलमध्ये म्हाताऱ्यांची कवायत असते, पेन्शनीत निघाल्यावरही दार उघडायला मीच जातो, त्यामुळे मी कधी बरोबर गेलो नाही. आता एक लिहितो, त्यावर हसायचं असेल तर हसा. बारा जणींच्या घामाचा वास डोळे मिटून ओळखणारा माणूस मी. घरातलं सगळं धुणं माझ्या हातून जातं. बायको वर्षभर पोहायला जात होती आणि तिचा टॉवेल कधी धुवायला आला नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सह्या झाल्या. आन्याची गाडी मागच्या दाराशी भरलेली उभी होती. सुशीलानं तिला लाडवांचा डबा दिला, दोघी काही बोलल्या, सुशीला आत गेली. आन्यानं मागच्या सीटवरून तीन वस्तू काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. पाठीमागे टेकायला घेतात तसली तिरकी उशी, सुशीलाची तपकिरी शाल, आणि एक निळी फाईल.

"हे ताईचं. तुझ्याकडे देतेय."

"देतो तिला."

"तुझ्याकडे देतेय, साळवे."

मी म्हटलं, हो हो. माझं लक्ष घड्याळाकडे होतं, डेनिजचा पहिला सराव होता. उशी आणि शाल मी घरी खुर्चीवर टाकली. फाईल मॅचच्या टेबलावरच्या कागदांची असेल म्हणून कपाटावर ठेवली. लोकांच्या मागच्या सीटा वाचणाऱ्या माणसाच्या हातात एका गाडीची मागची सीट उचलून दिली होती, आणि त्यानं ती कपाटावर ठेवली.

फेब्रुवारीत आम्ही सगळ्या मॅच जिंकलो. डेनिज सरावाला पोराला घेऊन चालत यायची, चार मिनिटांत. मार्चमध्ये पहिल्या नंबरावर गेलो. गावच्या पेपरात योखेनचा फोटो आला. सुशीला टेबलावर बसायची, पण कागद भरताना तिला धाप लागायची. पाय सुजलेले असायचे. मी म्हटलं, दाखव कुणाला तरी. ती म्हणाली, "चाळीस वर्षं उभी राहिलेय वॉर्डात, पाय सुजतील नाही तर काय. मोसम संपू द्या, मग बघू." नर्सला कोण शिकवणार? खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मोसम संपायला पाच मॅच होत्या.

त्या सोमवारी डॉक्टर येऊन गेले, चर्चची माणसं आली. संध्याकाळी सहाला मी आन्याला टेलिफोन केला. सुशीला गेली, हे ऐकलं तिनं. मग म्हणाली, "तू फाईल उघडली नाहीस."

"कसली फाईल?"

"निळी."

मग तिनं सांगितलं. सुशीलाच्या हृदयाची झडप निकामी होत होती. मंगळवारी पोहायला नाही, स्टुटगार्टला टेकडीवरच्या एका दवाखान्यात अंगातलं पाणी काढणारं औषध शिरेतून घ्यायला ती जायची. आन्या न्यायची, उशी आन्याचीच आयडिया, परत येताना ती मागे टेकून झोपायची. ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीतली होती. आन्यानं मागे लागून लागून ती घ्यायला लावली होती. आन्या गेल्यावर सुशीलानं ती मेमध्ये ढकलली.

"का?"

"तुझा शेवटचा मोसम होता ना. ती म्हणायची, त्यांना एकदा जिंकू दे, मग सांगते. माझ्याकडून शपथ घेतली होती की तुला सांगायचं नाही. फाईल द्यायची नाही, अशी शपथ नव्हती."

"मग तू कशाला गेलीस?" हे मी ओरडून विचारलं.

"तीच म्हणाली, जा. मी राहते म्हटलं होतं. ती म्हणाली, माझ्यासाठी राहिलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." मग म्हणाली, "साळवे, उद्या नऊ चाळीसचा टेरमिन आहे तिचा, दवाखान्यातली वेळ. मी सकाळी त्यांना टेलिफोन करून कळवते."

मी म्हटलं, नको. मी जातो.

डॉक्टर नंतर म्हणाले की फेब्रुवारीत ऑपरेशन झालं असतं तरी काही सांगता आलं नसतं, ती ऑपरेशनच्या टेबलावरही गेली असती. डॉक्टरांना तसं बोलावंच लागतं. सुशीला स्वतः लोकांना तसंच सांगायची. मी आन्याला दोष देत नाही. योखेन आणि पोरी मेडल घेऊन घरी आल्या, त्यांना मी चहा केला. त्यांनाही देत नाही. पण केतकीच्या घरच्या पोरांनी मला जनरल मॅनेजर म्हणणं बंद करावं.

मंगळवारी सकाळी मी उठलो, दाढी केली, निळी फाईल पिशवीत घातली. कवायतवाल्यांना दार उघडायला दुसऱ्याला किल्ली दिली. कोपऱ्यावरून बस घेतली, स्टेशनला उतरलो. तिथून एस-बान. डब्यात बसायला जागा नव्हती, कुणी उठलं नाही. मी धडधाकट दिसतो, पण तीही दिसायची. स्टुटगार्टला उतरून जिना चढून वर आलो आणि दुसऱ्या बसची वाट बघत उभा राहिलो. तिथं मला कळलं की मी मोजतोय. एकदा. दोनदा. वरच्या थांब्यावर उतरल्यावर दवाखान्यापर्यंत चढ आहे. मधे टेकायला काही नाही, एका बागेची भिंत आहे फक्त. मी तिथं हात टेकून थांबलो.

काउंटरवर पिकल्या केसांची बाई होती. मी फाईल पुढे केली. तिनं नाव वाचलं आणि माझ्या मागे दाराकडे बघितलं.

"फ्राउ साळवे येतायत का मागून?"

"नाही. ती काल गेली."

बाई उभी राहिली. काउंटरच्या बाहेर आली आणि माझा हात हातात घेतला.

"तुम्ही बास्केटबॉलवाले. त्या सांगायच्या, नवऱ्याला कामावर सुट्टी मिळत नाही."

मला पेन्शनीत निघून नऊ वर्षं झालीत. ते मी तिला सांगितलं नाही.

"पुढचे टेरमिन लावलेले आहेत. काढून टाकू?"

"काढा. ती एकटी यायची का?"

"आधी एक उंच बाई आणायच्या. जानेवारीनंतर एकट्याच." तिनं कागद बघितला. "आठ वेळा."

"कधी चुकली?"

"नाही. उलट लवकर यायच्या. म्हणायच्या, चढाला वेळ लागतो म्हणून एक गाडी आधीची घेते."

मी फाईल तिथंच ठेवली आणि चढ उतरून आलो. दोनदा गाडी बदलणारं माणूस महिन्याच्या वर टिकत नाही, असं मी लोकांना सांगत आलो. ती दोन महिने टिकली, एकही मंगळवार न चुकवता. मी पहिल्याच दिवशी परतीची गाडी चुकवली, आणि पुढची येईपर्यंत थांब्यावर बसून राहिलो.